चिंचेनं घासलेल्या पुंगळ्या

राजाभाऊ खांबेटे यांचा रजेचा अर्ज गणपतीच्या आधीपासून त्यांचा साहेब अबू फहद याच्या टेबलावर पडून होता. पडून होता म्हणणं तसं अन्यायाचं आहे, कारण त्याचा रोज उपयोग होत होता. अबू फहद त्याच्यावर कॉफीचा पेला ठेवत असे. 'मुलीचे लग्न' या कारणाभोवती तपकिरी वर्तुळांची चांगली नक्षी उमटली होती आणि तिकडे नाशकात कौमुदीच्या लग्नाच्या पत्रिका छापून, हळदकुंकू लावून तयार होत्या. मुहूर्त मार्गशीर्षातला. मुलीचा बाप कुवेतमध्ये, आणि बापाच्या अर्जावर सही करणारा हात कॉफी पिण्यात गुंतलेला.

"सर, माझी रजा?" असं राजाभाऊंनी विचारलं की अबू फहद मोठ्या प्रेमानं म्हणे, "इन्शाल्ला, बुकरा." बुकरा म्हणजे उद्या. इतकी वर्षं कुवेतमध्ये काढल्यावर राजाभाऊंना एवढं कळलं होतं की बुकरा म्हणजे आज नाही. त्यापलीकडे त्या शब्दाला काही अर्थ असेल तर तो त्यांना अजून सापडायचा होता.

तसे राजाभाऊ शोधून काढण्यात हुशार. तेल कंपनीत इन्स्पेक्शन इंजिनिअर होते. कुठल्या पाइपला आतून गंज चढलाय, कुठल्या सांध्याला चीर गेलीय, हे शोधण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. त्यांच्यात दोष म्हणाल तर एकच होता. 'मला माहीत नाही' हे वाक्य उच्चारायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती. त्यांच्या वडिलांना पोहता येत नसे, तरी त्यांनी गोदावरीच्या काठावर उभं राहून निम्म्या आळीला पोहायला शिकवलं होतं.

एका सकाळी अबू फहदनं त्यांना केबिनमध्ये बोलावलं. सही झाली असणार, असं समजून राजाभाऊ खिशात पेन वगैरे घेऊन गेले. अबू फहदसमोर एक जाडजूड अमेरिकन कॅटलॉग उघडा होता.

"राजा, तू मुहंदिस आहेस ना?"

मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. राजाभाऊ म्हणाले, "येस सर."

"मग सांग. नेक-साइझिंग डाय घ्यावी की फुल-लेंग्थ? आणि क्रिम्प करावं की नको?"

राजाभाऊंनी कॅटलॉगकडे पाहिलं. पेल्याखालच्या अर्जाकडे पाहिलं. मग घसा साफ केला.

"तसं पाहिलं तर सर, दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे."

अबू फहदनं टेबलावर हात मारला. "पाहिलंस? खरा जाणकार लगेच उत्तर देत नाही." आणि त्यानं राजाभाऊंसाठी कॉफी मागवली. कॉफी आली, आणि अर्जावर दुसरा पेला बसला.

प्रकरण असं होतं की अबू फहद आणि त्याचा चुलतभाऊ अबू नासर, दोघांनाही नेमबाजीचा नाद. दोघांच्या रायफली एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. आता त्यांना नवीन खूळ लागलं होतं, काडतुसं घरी भरण्याचं. गोळी उडाली की मागे पितळेची रिकामी पुंगळी उरते. ती उडताना फुगून आपल्या रायफलीच्या पोटाच्या बरोबर मापाची होते. पुन्हा भरायची तर तिला डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबावी लागते. अबू फहदचं म्हणणं, फक्त मान दाबावी, म्हणजे नेम अचूक लागतो. अबू नासरचं म्हणणं, अख्खी पुंगळी दाबावी आणि तोंडही गोळीभोवती आवळून घ्यावं, म्हणजे जीपमध्ये कितीही हादरे बसले तरी गोळी ढळत नाही. या तोंड आवळण्याला क्रिम्प म्हणतात. अबू फहदचा भाचा अमेरिकेत शिकत होता. तो सुट्टीवर येताना डाय आणणार होता. दोघं भाऊ दोन महिने यावरून भांडत होते आणि आता त्यांना पंच मिळाला होता.

राजाभाऊ कॅटलॉग घरी घेऊन गेले. तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हतं, त्यामुळे एका पुस्तकात माणूस तज्ज्ञ होऊ शकत असे. चार दिवसांत राजाभाऊ झाले. अबू हलीफा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय उरला नाही.

"शीला, यातलं मर्म काय आहे माहितेय? जी पुंगळी ज्या रायफलीतून उडाली, ती त्याच रायफलीत नीट बसते. दुसरीत नाही. फक्त मान दाबली की बाकीचं अंग तसंच राहतं. हे सौंदर्य आहे त्यात."

"आमटी घ्या," शीलाताई म्हणाल्या.

"आणि क्रिम्प म्हणजे..."

"करंजीची कड मुरडतात तसं. सारण बाहेर येऊ नये म्हणून. काल सांगितलंत. परवाही सांगितलंत. रजेचं काय झालं?"

"त्यासाठीच तर चाललंय हे सगळं."

"कौमुदीचा फोन होता. ती म्हणाली, बाबांना विचार, येताय ना नक्की? तिच्या आत्या, सुनंदाताई, हॉलवाल्याला काय सांगू म्हणून विचारतायत."

"सांग, नक्की येतोय," राजाभाऊ म्हणाले आणि आमटीत भात कालवत राहिले. एकुलती एक लेक होती. तिला बोहल्यावर चढवायला आपण नसलो तर उरलेलं आयुष्य या पगाराचं काय करायचं, हे त्यांना कुठल्याच कॅटलॉगमध्ये सापडत नव्हतं.

निकाल तोंडी दिला असता तरी चाललं असतं, पण राजाभाऊंना तो शास्त्रशुद्ध हवा होता. "सर, मला मापं घ्यावी लागतील," असं ते बोलून गेले. दुसऱ्याच दिवशी अबू फहदचा ड्रायव्हर दोन कापडी पिशव्या घेऊन आला. एकीत अबू फहदच्या पुंगळ्या, दुसरीत अबू नासरच्या. राजाभाऊंनी आठवडाभर व्हर्निअर लावून मापं घेतली, आलेख काढला आणि निकाल दिला: मान दाबणारी डाय घ्यावी, वर हलकंसं क्रिम्प करावं. म्हणजे साहेब जिंकला आणि साहेबाचा भाऊ हरला नाही. अमेरिकेला फॅक्स गेला. अबू फहद म्हणाला, "डाय आल्या, पहिला बार उडाला, की तुझा इजाझा माझ्यावर." इजाझा म्हणजे रजा. बुकरा हा शब्द त्यानं वापरला नाही, म्हणून राजाभाऊ त्या दिवशी घरी जिलबी घेऊन गेले.

पिशव्या परत द्यायच्या राहिल्या. खरं सांगायचं तर राहिल्या नाहीत, ठेवल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला बऱ्या पडत.

मग दिवाळी आली. कुवेतमधली दिवाळी म्हणजे खिडकीत एक आकाशकंदील आणि घरात साफसफाईचा दणका. राजाभाऊ संध्याकाळी कामावरून आले तर बैठकीच्या खोलीत पांढऱ्या पंचावर समई, निरांजनं, घंटा, ताम्हण आणि त्यांच्या पुढे रांगेनं मांडलेल्या पुंगळ्या झगमगत होत्या. सोन्याच्या असाव्यात अशा.

"हे काय?"

"घासल्या. देवाची उपकरणी घासायला काढलीच होती. किती काळं पडलं होतं हो ते पितळ. कुणाच्या घरातली वस्तू आपल्याकडे आलीय, ती तशीच परत करायची? झहूरभाईंच्या दुकानातून चिंच आणली, मीठ घातलं, अशा काही निघाल्यात."

"छान. कुठल्या पिशवीतल्या या?"

"दोन्ही."

"आणि वेगळ्या कुठे ठेवल्यास?"

"वेगळ्या कशाला? एकाच परातीत घासल्या. सारख्याच तर आहेत सगळ्या."

राजाभाऊ खाली बसले. महिनाभर ज्या एका वाक्यावर त्यांची विद्वत्ता उभी होती, ज्याची पुंगळी त्याच्याच रायफलीत, ते वाक्य पंचावर वाळत घातलेलं होतं.

त्यांनी पुन्हा व्हर्निअर काढलं. पण आधी घेतलेली मापं सगळी मानेची होती. फरक होता तो पोटात, आणि तो इतका बारीक की घरच्या व्हर्निअरला दिसेना. खुणेला काही काजळी, काही डाग असता तर जमलं असतं, पण शीलाताईंनी कामात कसूर केली नव्हती. शेवटी राजाभाऊंनी देवळातला प्रसाद वाटतात तशा निम्म्या-निम्म्या मुठी दोन पिशव्यांत भरल्या.

"अहो, सरळ सांगून टाका ना त्यांना," शीलाताई म्हणाल्या. "माझं नाव सांगा. बायकोनं घासल्या म्हणावं."

"सही होऊ दे. मग सांगेन."

इमारतीखालच्या दुकानात झहूरभाई गल्ल्यावर बसले होते. रत्नागिरीकडचा माणूस, मनात आलेलं जिभेवर यायला त्याला वेळ लागत नसे. राजाभाऊंनी त्याला सगळं सांगितलं, कारण कुणाला तरी सांगणं भाग होतं.

"म्हंजे माझ्या चिंचेनं घात केलान तर," झहूरभाई म्हणाले. "राजाभाऊ, माझा ऐका. उद्या जावा नि खरा सांगा. खोट्याला लय सांभाळावा लागता."

"मी खोटं कुठे बोललोय अजून?"

"अजून," झहूरभाई म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

ती सोय दुसऱ्या दिवशी झाली. अबू फहदनं पिशवी उघडली आणि तो हरखून गेला. "राजा, हे काय केलंस? कुठल्या मशीनमध्ये?"

'बायकोनं चिंचेनं घासल्या' हे राजाभाऊंच्या ओठांवर आलं होतं. पण ओठांपासून पुढचा रस्ता घराण्याच्या ताब्यात होता.

"तसं पाहिलं तर सर, ती एक खास प्रोसेस आहे."

डाय आल्या. अबू फहदनं स्वतः, मोठ्या भक्तिभावानं, दोन्ही पिशव्यांतल्या पुंगळ्या वेगवेगळ्या भरल्या आणि शुक्रवारी सगळ्यांना खैरानला बोलावलं. तिथे समुद्रकाठी त्याचं शॅले, म्हणजे सुट्टीतलं घर, होतं आणि जवळच क्लबची चांदमारीची जागा. "मॅडमना पण आण," त्यानं राजाभाऊंना बजावलं. "माझी आई पण येतेय." रजेचा अर्ज राजाभाऊंनी नव्यानं टाइप करून खिशात घातला. जुन्यावर सही करायला आता जागा उरली नव्हती.

शीलाताई शॅलेत अबू फहदच्या आईपाशी बसल्या. तिला सगळे मोठी अम्मा म्हणत. तिचं लहानपण मुंबईत गेलेलं, वडील मोत्यांचे व्यापारी, त्यामुळे तिची हिंदी राजाभाऊंपेक्षा बरी होती. पुरुष मंडळी चांदमारीला गेली.

पहिलं काडतूस अबू फहदच्या रायफलीत सुर्रकन बसलं. बार उडाला. नेम बरोबर मधोमध. अबू फहदनं राजाभाऊंच्या पाठीवर थाप मारली. राजाभाऊंना वाटलं, देव आहे.

दुसरं काडतूस आत गेलं, पण बोल्ट बंद होईना. अबू फहदनं जोर लावला, मग काढून पाहिलं, फुंकर मारली, पुन्हा घातलं. होईना. तिसरंही तसंच. अबू नासर हसायला लागला. "मी सांगत होतो, अख्खी पुंगळी दाबा. आण इकडे." त्यानं तेच अडलेलं काडतूस उचलून आपल्या रायफलीत घातलं आणि बोल्ट लोण्यासारखा बंद झाला.

अबू नासरचं हसू थांबलं. अबू फहदचं सुरूच झालं नव्हतं.

"ही तुझ्या रायफलीची पुंगळी आहे," अबू फहद सावकाश म्हणाला.

"मग माझी पुंगळी तुझ्या पिशवीत कशी आली?"

"तेच मी विचारतोय. तू टाकलीस. मला हरवायला."

"मी? लहानपणी माझ्या गोट्या कोण चोरायचं?"

गोट्यांवरून प्रकरण एका बकरीवर गेलं, बकरीवरून कुठल्याशा आजोबांच्या होडीवर. भांडत भांडतच ते शॅलेच्या अंगणात परतले. राजाभाऊ मागून काडतुसांची पेटी घेऊन चालत होते. आपल्यामुळे एका खानदानात फूट पडतेय याचं त्यांना वाईट वाटत होतं. पण त्यातला आपला वाटा अजून कुणाच्या लक्षात आलेला नाही, याचं बरंही वाटत होतं. माणसाचं मन असं दोन्हीकडे असतं.

आरडाओरडा ऐकून मोठी अम्मा काठी टेकत बाहेर आली, मागे शीलाताई. अम्मानं भांडण दोन वाक्यांत ऐकून घेतलं आणि त्यात तिला काही रस वाटला नाही. तिनं पेटीतली एक रिकामी पुंगळी उचलून उन्हात धरली.

"एवढी लख्ख? माझ्या दल्ल्यांना तीन नोकराण्या घासतात, तरी अशी चमक नाही." दल्ला म्हणजे कॉफीची पितळी सुरई. अम्माकडे अशा डझनावारी होत्या आणि त्यांच्यावर तिचा पोटच्या मुलांपेक्षा जीव होता.

संसाराच्या इतक्या वर्षांत शीलाताईंच्या घासलेल्या भांड्यांचं कुणी असं कौतुक केलं नव्हतं. त्या पुढे झाल्या.

"अम्मा, ये मैंने घासा. इमली से. और थोडा नमक."

राजाभाऊंनी डोळे मिटले.

"ही प्रोसेस?" अबू फहदनं राजाभाऊंना विचारलं. मग शीलाताईंकडे वळून, "मॅडम, दोनों थैली का एक साथ?"

"हाँ तो. एक ही परात में. मैंने इनको उसी दिन बोला, बता दो करके."

दोन भावांनी एकमेकांकडे पाहिलं, मग दोघांनी मिळून राजाभाऊंकडे पाहिलं. खानदान पुन्हा एक झालं होतं.

"तसं पाहिलं तर सर..." राजाभाऊ म्हणाले.

"खलास," अबू फहद म्हणाला. "इजाझा खलास. तू कुठे जायचं नाही. डिसेंबरभर इथे बसायचं आणि एकेक पुंगळी दोन्ही रायफलींत घालून वेगळी करायची."

"सर, माझ्या मुलीचं लग्न..."

"बुकरा."

अम्मा मध्येच म्हणाली, "ही इमली कुठून आणलीस बेटी? इथली इमली, तमर हिंदी, मी लावून पाहिलीय. असं होत नाही."

"दुकानवाल्याने गाव से मंगाया था. उधर की पुरानी चिंच."

"मग गावाला जा आणि घेऊन ये. दहा किलो आण. फहदच्या बापा, हिला पाठव."

अबू फहद म्हणजेच फहदचा बाप, आणि तो आईला नाही म्हणत नसे. "मॅडम जाऊ देत. आजच तिकीट काढा. राजा राहील."

राजाभाऊंनी पेटी खाली ठेवली. ते पेटीकडे बघत उभे राहिले. आपल्याशिवाय कौमुदीचं लग्न होणार आणि आपण इथे वाळूत पितळ निवडत बसणार, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसायला लागलं. आणि हे सगळं एका वाक्याच्या कंजूषपणामुळे झालं, हेही त्यांना कळलं. त्यांचा खालचा ओठ थरथरला. शीलाताईंनी तो पाहिला.

शीलाताईंनी पदर खोचला.

"मैं नहीं जाती," त्या म्हणाल्या.

"क्यों?" अम्मानं विचारलं.

"अम्मा, हमारे में लडकी के शादी में माँ-बाप दोनों साथ में बैठते हैं. शेले को गाठ मारके. अकेली का काम नहीं. और ये आदमी महिनाभर मेरा डोका खाया है, कि जो पुंगळी जिस बंदूक की, वो उसी में बैठती है, दूसरी में नहीं. आज आप सबने देखा, ये बात इनकी सच है. बाकी सब गलत होगा, ये सच है. तो मैं उधर किसके साथ बैठूँ?"

अम्मा अबू फहदकडे वळली. मग तिनं ते अरबीत सांगितलं. मधलं बहुतेक तिनं वाढवलंही, कारण मूळ भाषणापेक्षा ते लांबलं. अबू नासर आधी हसला. मग ड्रायव्हर हसला आणि साहेबाकडे बघून थांबला. अबू फहदनं हातातल्या अडलेल्या काडतुसाकडे पाहिलं. आत्ताच पाच मिनिटं त्यानं ते बळजबरीनं दुसऱ्याच्या जागी बसवून पाहिलं होतं, आणि त्याचा अंगठा अजून दुखत होता.

"पेन," तो म्हणाला.

कुवेतमध्ये तेल खालून वर येतं आणि सही वरून खाली. त्या दिवशी ती अम्मापासून निघून, अबू फहदमार्गे, काडतुसांच्या पेटीवर ठेवलेल्या अर्जावर एकदाची उतरली. खाली त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं: परत येताना इमली, दहा किलो.

नाशकात लग्न छान झालं. शेल्याची गाठ मारून राजाभाऊ आणि शीलाताई पाटावर बसले. कौमुदीचा हात जावयाच्या हातात देताना राजाभाऊंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. जेवणं उरकल्यावर, अजून गाठही सुटली नव्हती, तेव्हा व्याही चार पाहुण्यांना घेऊन आले. दिंडोरीकडचे द्राक्षबागाईतदार, बोलायला ऐसपैस.

"खांबेटेसाहेब, कुवेतचे शेख म्हणे बंदुकीच्या बाबतीत तुम्हाला विचारल्याशिवाय हलत नाहीत. आमच्या वडिलांची लायसनची रायफल आहे घरी. गोळी अडकते तिच्यात. काय झालं असेल?"

"तसं पाहिलं तर..." राजाभाऊंनी सुरुवात केली.

गाठीला हिसका बसला. राजाभाऊंनी शेजारी पाहिलं. शीलाताई समोर बघून अक्षता वेचत होत्या.

राजाभाऊंनी घराण्यातल्या सगळ्या पूर्वजांची मनातल्या मनात माफी मागितली आणि ते वाक्य उच्चारलं.

"मला माहीत नाही. खरंच. मला त्यातलं काहीएक कळत नाही."

व्याह्यांनी मागच्या पाहुण्यांकडे वळून पाहिलं. "ऐकलंत? याला म्हणतात जाणकार. एवढा मोठा माणूस, पण तोंडातून ब्र नाही स्वतःबद्दल." मग राजाभाऊंचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "संध्याकाळी पाठवून देतो मी रायफल तुमच्या बिऱ्हाडी. सावकाश बघा."